बघायला बरी

तुमच्या पिंडाला कावळा शिवला त्या दुपारपासून मी तुमच्याशी बोलणं टाकलं होतं. आज परत बोलतेय ते राग गेला म्हणून नव्हे. तो आता पोटात मावत नाही म्हणून. कॉलनीतल्या ज्येष्ठ मंडळींनी त्यांच्या अंकासाठी तुमच्यावर चार शब्द मागितलेत. त्यांना वाटतंय मी तुमचा शांत स्वभाव आणि नोकरीतली सचोटी लिहीन. ते इतरांनी लिहावं, त्यांना तुम्ही तेवढेच माहीत होता. मला भांडायचंय, आणि भांडण अर्ध्यावर असताना तुम्ही उठून गेलात.

तशी ती सवय जुनीच. भांडण रंगात आलं की तुम्ही खुंटीवरची किल्ली घेऊन पोर्चमध्ये जायचात आणि गाडीचं बॉनेट उघडायचात. बॉनेटमध्ये डोकं घातलेल्या माणसाशी कसं भांडायचं? मी स्वयंपाकघरातून जेवायला हाक मारायचे. पहिल्या हाकेला ‘आलो’ यायचं, दुसरीला नुसतं ‘हं’. तिसरी हाक मी जरा वरच्या पट्टीत द्यायचे, “अहो, या आता जेवायला, गार होतंय,” आणि मग तुम्ही हात पुसत यायचात. तोवर वरणावर साय धरलेली असायची.

वाचणाऱ्यांना कळावं म्हणून सांगते. आमच्या सिडकोतल्या घराच्या पोर्चमध्ये कित्येक वर्षं एक इटालियन गाडी उभी होती. कंपनीचं नाव घेत नाही. ती कंपनी आपल्या देशातून केव्हाच गाशा गुंडाळून गेली, आणि गेलेल्यांना नावं ठेवू नयेत म्हणतात. माझ्या नवऱ्यापुरता हा नियम मी पाळणार नाही. गाडीचा रंग पिकल्या डाळिंबाचा. पुढून बघितलं तर नाकाडोळ्यानं नीटस, बाजूनं बघितलं तर धावायच्या तयारीत. तयारीतच असायची, धावायची नाही. आमच्या लेनमधल्या बाकी गाड्या पांढऱ्या नाहीतर करड्या, औषधाच्या डब्यांसारख्या. त्या रोज सकाळी मुकाट्यानं कामाला जायच्या आणि संध्याकाळी परत यायच्या. आमची बसून असायची आणि आम्ही दोघं तिच्याभोवती उभे असायचो, म्हणून मी तिला बाईसाहेब म्हणायचे.

या सगळ्याचं मूळ मात्र गुलमंडीवरच्या एका खिडकीत आहे. खाली आमचं कापडाचं दुकान, वर घर, आणि खिडकीत दोन वेण्या घालून, तोंडाला पावडर फासून बसलेली एक येडी. ती मीच. तुम्ही मला बघायला आलात ते गाडीतून. त्या काळी रस्त्यावर दोनच जातींच्या गाड्या दिसायच्या, त्यातली ही इटालियन वाणाची, गोल दिव्यांची, फिकट निळी. गर्दीतून हळूहळू येऊन ती दुकानासमोर थांबली. चालवणाऱ्याचं कोपर खिडकीबाहेर होतं. पांढऱ्या शर्टाची बाही दुमडलेली. मामीनं मागून विचारलं, मुलगा दिसला का गं? मी म्हटलं, दिसला. पसंत आहे का? मी म्हटलं, हो.

मला दिसलं होतं ते कोपर. आमचं लग्न कोपरावर ठरलं.

नंतर पोहे देताना मी वर बघितलं नाही, लाजले म्हणून सगळे खूश झाले. लाजले कुठली, मी मनात त्या गाडीत बसून वेरूळला निघाले होते. लग्नानंतर पहिल्यांदा मला फिरायला न्यायला तुम्ही आलात ते सायकलवर. मी विचारलं, गाडी कुठंय? तुम्ही शांतपणे सांगितलंत, मामाची होती, ती जालन्याला गेली. मी रडून घर डोक्यावर घेतलं. तुमचं म्हणणं एकच, माझी आहे असं मी कधी म्हटलं होतं? आणि खरंच तुम्ही म्हटलं नव्हतं. तुमची ही एक खोड, खोटं बोलायचं नाही, फक्त कोपर बाहेर काढून बसायचं. त्या खिडकीतल्या मुलीला आज भेटले तर दोन्ही वेण्या धरून तिला खाली दुकानात आणेन आणि म्हणेन, बाई गं, आधी विचार, गाडी कुणाची, आणि मग विचार, सुरू होते का.

पण ती अक्कल माझ्यात तरी कुठं आली? तुम्ही निवृत्त झालात आणि जालना रोडच्या त्या काचेच्या शोरूममध्ये मला घेऊन गेलात. बाईसाहेब मधोमध उभ्या. तुम्ही देवळात घालतात तशी प्रदक्षिणा घातलीत, तीही बरोबर डावीकडून. मग मला विचारलंत, “कशी आहे?”

माझ्या घशाशी काय काय आलं होतं ते मलाच माहीत. पण निळ्या गाडीचा सल होता ना. मी म्हटलं, “बघायला बरी आहे.”

“बरी?” तुम्ही म्हणालात. “बरी वांग्याची भाजी असते.”

हे आपलं भांडण. त्या दिवशी सुरू झालं ते संपलंच नाही. तुम्ही म्हणायचात, एकदा कबूल कर की सुंदर आहे. मी म्हणायचे, एकदा कबूल करा की चालत नाही. दोघांनीही कबूल केलं नाही, आणि आता एकटीनं करायला मी काय दूधखुळी आहे?

आणि माझी बंगई. तिच्याबद्दल तर मी तुम्हाला माफ करणारच नाही. पोर्चच्या छताला दोन कडी होती, त्यांना माझ्या माहेरची बंगई टांगलेली, जाड शिसवी फळी आणि पितळी कड्या. संध्याकाळी तिच्यावर बसून मी अख्ख्या लेनचा हिशोब ठेवायचे, कोण कुणाकडं गेलं, कोण रुसून माहेरी निघालं. गाडी आली तशी तुम्ही बंगई उतरवलीत. चार दिवसांसाठी म्हणालात, शेड बांधू, मग परत टांगू. शेड बांधली नाही. कड्या माळ्यावर गेल्या आणि फळी गाडीखाली. पाठीखाली गार फरशी नको म्हणून तुम्ही माझी फळी घालून तिच्यावर उताणे झोपायचात, आणि वर बघत बाईसाहेबांच्या पोटातलं काय काय पिळत बसायचात. ज्या फळीवर माझ्या आजीनं मला थोपटलं, तिच्यावर तुमच्या पाठीचा तेलकट डाग पडला. मी ओरडले तेव्हा तुम्ही गाडीखालून म्हणालात, “लाकडाला तेल चांगलं असतं.”

मालकी कशी असते ते वाचणाऱ्यांनी ऐकावं, कारण आजही तरुण पोरं फाटकाशी थांबून विचारतात, आजी, गाडी कशी आहे? काच एकदा खाली गेली की वैशाखातली सगळी धूळ आत येईपर्यंत वर यायची नाही. नाक इतकं खाली की प्रत्येक गतिरोधकावर बाईसाहेब लोटांगण घालायच्या. दाराची मूठ हातात आली तर तिच्यासाठी आधी पुण्याला विचारायचं, मग दिल्लीला, मग ज्याची त्याच मॉडेलची गाडी ठोकली गेलीय असा कुणी दुर्दैवी माणूस शोधायचा. तुम्ही पेपरात अपघाताच्या बातम्या आशेनं वाचायला लागलात तेव्हा मी पेपर बंद केला. आपले मेकॅनिक रफिकभाई हात टेकायचे पण गाडीची निंदा करायचे नाहीत. “भाभी, ऐसी गाडी पूरे शहर में नै,” ते म्हणायचे. “चलती नै, वो बात अलग.”

आणि दसरा. दसऱ्याला प्रत्येक जण आपापल्या गाडीला हार घालतो, पण ते सोपं ज्यांच्या गाड्या चालतात त्यांना. आपली सुरूच व्हायची नाही, आणि पूजा मात्र फाटकाशी, लोकांना दिसेल अशी व्हायला हवी. मग सोनं द्यायला आलेले पाहुणे आधी गाडी ढकलायचे आणि मग सोनं द्यायचे. आपट्याची पानं खिशात कोंबून शेजारचे बोर्डेसर, त्यांचे जावई, समोरचे आजोबा, सगळे मागून हात लावायचे. लेनमधला सगळ्यात जाडजूड झेंडूचा हार तिलाच. पूजा झाली की परत मागे ढकलायचं. एका वर्षी मी म्हटलं, एवढं ढकलून सीमोल्लंघन तरी करून आणू. तुम्ही चार दिवस माझ्याशी बोलला नाहीत. मला ते चार दिवस बरे गेले.

पण दौलताबादचं मी विसरलेले नाही. माझ्या भाचीचं लग्न होतं कन्नडला, जिला मी न्हाऊमाखू घातलं ती. अक्षता टाकायला मावशीच नव्हती. मी म्हटलं होतं, बोर्डेसरांबरोबर जाऊ. त्यांच्या करड्या गाडीला तुम्ही साबणाची वडी म्हणायचात. “त्या वडीत बसून लग्नाला जायचं?” तुम्ही म्हणालात. रफिकभाईंनी आदल्या दिवशी काहीतरी केलं होतं आणि बाईसाहेब खरंच निघाल्या. दौलताबादपर्यंत अशा गेल्या की मी पैठणीचा पदर सावरत गाणं गुणगुणत होते. मग रस्ता किल्ल्याच्या जुन्या दरवाजातून जातो, जिथं एका वेळी एकच गाडी मावते, बरोब्बर त्या कमानीखाली बाईसाहेबांनी मान टाकली.

पुढून वेरूळकडच्या गाड्या, मागून शहराच्या. दोन्हीकडून भोंगे. सहलीच्या बसमधली पोरं खिडक्यांतून बाहेर लोंबकळत होती. मी पैठणी खोचून मागून ढकलत होते आणि तुम्ही, तुम्ही काय करत होता? कुणीतरी पर्यटक बाई गाडीशी उभी राहून फोटो काढत होती आणि तुम्ही तिला सांगत होता की उजेड उजवीकडून चांगला येतोय. तो म्हातारा दरवाजा किती राजे बघून बसलाय, त्यानंही असला माणूस बघितला नसेल.

अक्षता पडल्या तेव्हा मी रस्त्याच्या कडेला सीताफळ खात होते. रफिकभाई शहरातून यायचे होते. तुम्ही टोपलीवालीकडून सीताफळं आणलीत, सीट मागे पाडलीत, आणि आपण दोघं किल्ल्याकडं तोंड करून बसलो. मी बिया खिडकीतून थुंकत होते, काच वर जात नव्हती हे एक बरं होतं. ऊन उतरत गेलं. डोंगर आधी तांबडा झाला, मग जांभळा, आणि गाडीचा रंग त्यात कुठंतरी मिसळून गेला. तेव्हा तुम्ही म्हणालात, “पोचलो असतो तर हे बघितलं असतं का?”

मी म्हटलं, “पोचायचंच होतं मला.”

त्यावर तुम्ही तुमचं नेहमीचं सांगितलंत. बोर्डेसर इतक्या वेळा इतक्या ठिकाणी पोचले, त्यांना एक तरी प्रवास आठवतो का विचार, आपल्याला आपला प्रत्येक आठवतो. आठवणारच. ढकललेलं कोण विसरतं? पण त्या संध्याकाळी मला भाचीचंही वाईट वाटत होतं आणि उठावंसंही वाटत नव्हतं, हे मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही दुसऱ्या दिवशी मुद्दाम कुठंतरी गाडी बंद पाडली असती.

आता त्या सकाळचं. छातीत दुखतंय म्हणालात आणि घामानं भिजलात. प्रसाद, आपला मुलगा, पुण्याला. त्याची लेक सई इथं माझ्याजवळ होती, सुट्टीला आलेली. ती धावत बोर्डेसरांकडं गेली. ती साबणाची वडी पहिल्या किल्लीला सुरू झाली. मी मागं बसले, तुमचं डोकं माझ्या मांडीवर. पोर्चमधून निघताना बाईसाहेब धुतल्यापुसलेल्या उभ्या होत्या, बघत. त्यांच्याशी मला त्या क्षणी जे बोलावंसं वाटलं ते ज्येष्ठांच्या अंकात छापता येणार नाही. बोर्डेसर जीव तोडून चालवत होते. क्रांती चौकाच्या अलीकडं एक मोठा खड्डा लागला, तुम्ही डोळे उघडलेत आणि म्हणालात, “खड्डे लई जाणवतात हिच्यात.”

मी म्हटलं, “गप पडा.”

हे आपलं शेवटचं बोलणं. अख्खा संसार झाल्यावर तुम्ही जाताना सस्पेन्शनची तक्रार करून गेलात, आणि तुमच्यापायी माझंही शेवटचं वाक्य वाया गेलं. दवाखान्यात सगळ्यांनी विचारलं, काही बोलले का? मी म्हटलं, देवाचं नाव घेतलं. खोटं तुम्ही बोलायचा नाहीत, म्हणून ते काम कायम माझ्याकडं.

दहाव्याला आम्ही सगळे कायगावला गोदावरीवर गेलो. पिंड ठेवले. कावळे झाडावर बसलेले, पण खाली एकही येईना. ऊन चढत गेलं. गुरुजी म्हणाले, काही इच्छा राहिली असेल तर बोला. प्रसादनं हात जोडून सांगितलं, बाबा, आईला सांभाळीन. कावळे जागचे हलले नाहीत. आईला पुण्याला नेईन, तो म्हणाला. एका कावळ्यानं मान फिरवली, तिथं मीही फिरवली. मग तुमची बहीण कुसुमताई पुढं झाली, “दादा, सईचं लग्न थाटात करू.” सई माझ्या कानाशी पुटपुटली, मला कुणी विचारलंय? शेवटी प्रसाद घामाघूम होऊन म्हणाला, “बाबा, गाडी विकणार नाही. आहे तिथं, आहे तशी ठेवीन.”

आणि कावळा आला. पंख मिटायच्या आत चोच भातात.

घाटावर एकच हुंदका फुटला. कुसुमताईंनी माझा हात धरला, “बघ गं वहिनी, जीव गाडीत अडकला होता.” सगळे रडत होते आणि माझ्या अंगाची आग आग होत होती. माझ्या नावानं हलला नाहीत, नातीच्या नावानं हलला नाहीत, आणि बाईसाहेबांचं नाव निघताच झेप घेतलीत. त्या क्षणी तुम्ही जिवंत असतात तर मी तुम्हाला सोडलं नसतं.

त्या दिवसापासून प्रसाद पार बदलला. हाच मुलगा वर्षानुवर्षं त्या डबड्याला भंगारात घाला म्हणत होता. आता तिच्यावर नवं कव्हर घातलं, समोर उदबत्ती लावली. मी म्हटलं, मला माझी बंगई टांगायची आहे. तो म्हणाला, “आई, बाबांची इच्छा होती, सगळ्यांनी डोळ्यानं बघितलंय.” अजिंठ्याकडचा एक तरुण गाडी बघायला आला, जुन्या गाड्या दुरुस्त करायचं वेड असलेला. प्रसादनं त्याला कावळ्याची गोष्ट सांगून हात जोडले. त्या पोरानं बॉनेटला कपाळ टेकवलं आणि निघाला. त्याची बायको फाटकाशी उभी होती. तिच्या तोंडावर सुटल्याचा आनंद मी नीट बघितला.

म्हणजे मी आता मरेपर्यंत बाईसाहेबांची राखणदार, का, तर एका कावळ्यानं साक्ष दिली. तेरावं झालं, प्रसाद पुण्याला गेला, सई माझ्याजवळ राहिली, आणि मी रोज तुमच्या फोटोला पाठ करून जेवत होते. परवा ताटावर बसले आणि सवयीनं तोंड उघडलं, हाक मारायला. तिथं मला आठवलं.

घाटावर मी बायकांत मागं बसले होते. ऊन मी म्हणत होतं, भात वाळून चालला होता, आणि मला तुमची चीड येत होती. मेल्यावरसुद्धा अन्न मांडून ताटकळत ठेवता म्हणजे काय. मी पदराआड पुटपुटले होते, अहो, या. थोड्या वेळानं परत. आणि तिसऱ्यांदा, प्रसाद गाडीचं बोलत होता त्याच वेळी, जरा वरच्या पट्टीत निघालं, “अहो, या आता जेवायला, गार होतंय.” त्या भर उन्हात काय गार होणार होतं? पण जिभेला दुसरं वाक्य येत नाही. शेजारी फक्त सई होती, तिनं माझ्याकडं बघितलं आणि लगेच कावळा आला, मग सगळे तिकडंच बघायला लागले.

तुम्ही तिसऱ्या हाकेला आलात. नेहमीसारखे. गाडी सोडून आलात, गाडीसाठी नाही. आणि हे इतके दिवस माझ्या लक्षात येऊ दिलं नाहीत, त्याचाही राग आहेच.

मी सईला विचारलं. ती म्हणाली, “आज्जी, मला वाटलं तुला माहितेय.”

काल सकाळी मी लेनला हाक दिली. दसरा लांब आहे, पण बोर्डेसर आले, जावई आले, समोरचे आजोबा काठी भिंतीला लावून आले. बाईसाहेबांना ढकलत फाटकाबाहेर नेलं. झेंडू मिळाला नाही म्हणून मी जास्वंदीचं फूल तिच्या काचेवर ठेवलं, रिकाम्या कपाळानं बाईमाणसाला घराबाहेर कसं काढायचं. सकाळच्या उन्हात लाल रंग असा पेटला की ढकलणारे सगळे मागं सरून बघत राहिले. मीही बघितलं. सुंदर आहे. झालं समाधान? आता तुम्ही कबूल करा.

त्या अजिंठ्याकडच्या तरुणाला मी निरोप धाडलाय, तो रविवारी गाडी न्यायला येतोय, बायकोला घेऊन. तिला मी आत बसवून चहा देणार आहे आणि एकच सांगणार आहे, पोर्चमध्ये तुझं काही टांगलेलं असेल तर ते उतरवू देऊ नकोस. बाकी तिचं ती बघेल. मी सांगितलेलं त्या खिडकीतल्या येडीनं तरी कुठं ऐकलं असतं? कोपर दिसलं की संपलं.

प्रसादला हे छापून आल्यावर कळेल. प्रसाद, तुझं वचन तुझ्या बापानं मागितलेलंच नव्हतं, तू मोकळा आहेस. त्याआधी तुझा फोन आला तर मी बंगईवर असेन, आणि तिथं आतली रिंग ऐकू येत नाही.

कड्या चिंचेनं घासल्या, लखलखल्या. फळीवरचा डाग मात्र जात नाही. सोडा लावला, राख लावली, तुमच्या पाठीचा आकार आहे तसा आहे, खांद्यापाशी रुंद. सई म्हणाली, सुतार बोलावून रंधा मारून घेऊ. मी नको म्हटलं. बसते त्याच्या शेजारी, एका कडेला, त्यामुळं बंगई जरा तिरकी झुलते. तेवढी जागा मोकळी सोडलीय ती रागानंच सोडलीय, उगाच दुसरं काही समजू नका. आणि आज वरण केलंय. दोन हाका मारून झाल्यात.